बाहेरगावाहून बडोद्याच्या विद्यापीठ ग्रंथालयात येताना: प्रवेश मिळेल, पण पुस्तक तिथेच आहे ना?

प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी जळगावची आहे. पीएच.डी.चं दुसरं वर्ष, विषय बडोदे संस्थानातली ग्रंथालय चळवळ. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस बडोद्याला यायचा तिचा विचार आहे. तिनं तीन गोष्टी विचारल्या आहेत: महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात बाहेरच्या विद्यार्थ्याला आत घेतात का, पुस्तकं बाहेर नेता येतात का, आणि मोबाइलनं फोटो काढू देतात का.

मी बडोद्यातच एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात २९ वर्षं काम केलं. त्यातली निम्मी वर्षं देवघेव विभागाच्या खिडकीमागे गेली आणि उरलेली संदर्भ विभागात. बाहेरगावाहून आलेले अभ्यासक खिडकीच्या त्या बाजूनं खूप पाहिले, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देते. प्रवेश सहसा मिळतो. त्यासाठी तुमच्या मार्गदर्शकांचं किंवा तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथपालांचं पत्र आणि तुमचं ओळखपत्र लागतं. पुस्तक बाहेर नेता येत नाही, बसून वाचायचं. फोटोंचं काय ते त्या त्या पुस्तकाच्या अवस्थेवर आणि तिथल्या माणसाच्या परवानगीवर ठरतं. तात्पुरत्या वाचकाकडून किती शुल्क घेतात, किती दिवसांची परवानगी देतात, हे नियम बदलत राहतात. म्हणून निघण्याआधी फोन करून विचाराच. ईमेल केलात तरी फोन कराच, कारण ईमेल ज्यांच्याकडे जाते आणि परवानगी ज्यांनी द्यायची असते ती माणसं पुष्कळदा वेगळी असतात.

पण ताई, तुमची खरी अडचण प्रवेशाची नाही. बडोद्यातलं ग्रंथालय म्हणजे हंसा मेहता ग्रंथालय, असं तुम्ही धरून चालला आहात, आणि तुमच्या विषयाला ते लागू पडत नाही. चार दिवस तिथेच बसून तुम्ही रिकाम्या हातानं परत गेलात तर दोष ना तुमचा, ना ग्रंथालयाचा. साधनं दुसऱ्या इमारतीत होती, एवढंच.

हे असं का, ते जरा मागे जाऊन सांगावं लागेल. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम अॅलन्सन बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून आणलं. तो १९१३ पर्यंत इथे होता. त्या तीन वर्षांत त्यानं मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, गावोगावच्या वाचनालयांची घडी बसवली, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या सुरू केल्या, ग्रंथपालांसाठी वर्ग काढला. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसलेनी’ नावाचं नियतकालिक निघू लागलं. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तिन्ही भाषांतले विभाग असत. तुमच्या प्रबंधाला याहून जवळचं साधन क्वचितच मिळेल. त्याच मध्यवर्ती ग्रंथालयाचा संस्कृत विभाग पुढे १९२७ मध्ये वेगळा होऊन प्राच्यविद्या मंदिर झाला. ही सगळी संस्थानची मालमत्ता. विद्यापीठाची स्थापना १९४९ ची, आणि त्याच वर्षी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्या वेळी वाटणी झाली: प्राच्यविद्या मंदिर विद्यापीठाकडे आलं, मध्यवर्ती ग्रंथालय सरकारकडे राहिलं आणि पुढे गुजरात राज्याचं झालं, दफ्तरं अभिलेखागाराकडे, म्हणजे जुने सरकारी कागद जपणाऱ्या कार्यालयाकडे, गेली. म्हणजे तुमचा विषय जिथे घडला ते ग्रंथालय विद्यापीठाचं नाहीच.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ज्यांचं नाव आहे त्या हंसाबेन मेहता या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू, आणि त्यांचे वडील मनुभाई मेहता बडोद्याचे दिवाण होते. दिवाणांच्या कारभाराचे कागद आणि त्यांच्या मुलीच्या नावाचं ग्रंथालय आज दोन वेगळ्या खात्यांत आहेत. बाहेरून येणाऱ्याला ही वाटणी दिसत नाही, ती कुणीतरी सांगावी लागते.

मग तुमचे चार दिवस मी कसे वाटेन? पहिला दिवस हंसा मेहता ग्रंथालयात. ते प्रतापगंजात आहे, स्टेशनपासून जवळ. तिथे दुय्यम साधनं पाहायची: गुजरातच्या ग्रंथालयांवरची पुस्तकं, सयाजीरावांची चरित्रं, संस्थानच्या शिक्षणावरचं लेखन. पुढचे दोन दिवस मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात. रिक्षावाल्याला ‘सेंट्रल लायब्ररी’ म्हटलं की कळतं. चौथा दिवस मोकळा ठेवा. तीन दिवसांत जे अर्धवट राहील ते, किंवा अभिलेखागारातली एखादी फाइल, त्या दिवशी लागते. प्राच्यविद्या मंदिर हे संस्कृत पोथ्यांचं ठिकाण. तुमच्या विषयात पोथ्या नाहीत, तेव्हा ते या खेपेला सोडून द्या.

मध्यवर्ती ग्रंथालयात गेलात की वाचायला बसण्याआधी पुस्तकांच्या मांडण्या पाहायची परवानगी मागा. अमेरिकेतल्या स्नीड कंपनीच्या लोखंडी मांडण्या आहेत आणि मजल्यांची जमीन जाड काचेच्या लाद्यांची आहे. वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत उतरावा आणि कागदांच्या मधोमध दिवे लावावे लागू नयेत, म्हणून ही योजना. तुम्ही ग्रंथालय चळवळीवर लिहिताय. ती चळवळ कागदावर वाचणं आणि त्या काचेवर उभं राहून खालच्या मजल्यावरच्या माणसाची हलती सावली बघणं यात फार अंतर आहे. मी पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा विशीत होते. त्या दिवशी या व्यवसायाबद्दल वाटलेला आदर अजून तसाच आहे.

आता घरून काय करून यायचं. या भागावर मी मुद्दाम जास्त लिहितेय, कारण वेळ वाया जातो तो इथेच.

जे जळगावात बसून मिळतं ते बडोद्यात शोधू नका. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर आहेत, ते घरी वाचा आणि त्यांच्या संदर्भसूचीतून तुमची यादी करा. इंग्रजी संशोधनपत्रिकांसाठी तर अजिबात प्रवास करू नका. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी विद्यापीठांना मोठ्या प्रकाशकांच्या हजारो पत्रिका खुल्या झाल्या आहेत, त्या तुमच्याच विद्यापीठाच्या लॉगिनवर बघा. सयाजीरावांची पत्रं आणि भाषणं महाराष्ट्र शासनाच्या चरित्र साधने प्रकाशन समितीनं मराठीत खंडरूपानं काढली आहेत, तीही आधी तिकडेच शोधा. न्यूटन मोहन दत्त हे बोर्डननंतरच्या काळातले इथले ग्रंथपाल. त्यांचं बडोद्याच्या ग्रंथालयांवरचं १९२८ चं इंग्रजी पुस्तक तुम्ही वाचलं असेलच. नसेल तर ते वाचल्याशिवाय गाडीत बसू नका. कुठल्या गावात, कुठल्या प्रकारचं वाचनालय, पैसा कुणाचा, हे त्यातून एकदा डोक्यात बसलं की इथल्या अहवालांतले आकडे बोलायला लागतात.

मग ऑनलाइन सूची. इथे मराठी माणसाची हमखास फसगत होते. सूचीतल्या जुन्या नोंदी रोमन लिपीत असतात आणि आपली नावं त्यांत दहा तऱ्हांनी लिहिलेली असतात. एकटं ‘गायकवाड’ घ्या: कुठे शेवटी ‘डी’, कुठे ‘आर’, मधला ‘वा’ कुठे ‘डब्ल्यू’नं तर कुठे ‘व्ही’नं, ‘गाय’मध्ये कुठे ‘वाय’ तर कुठे ‘ए-ई’. संस्थानची इंग्रजी प्रकाशनं बहुधा ‘आर’वाली आहेत. तसंच ‘सयाजीराव’ एका शब्दात की दोन, गाव ‘बरोडा’ की ‘वडोदरा’. एक रूप टाकून ‘काही नाही’ असं आलं म्हणून हात टेकू नका. मी विद्यार्थ्यांकडून कागदाच्या डाव्या बाजूला एकाखाली एक अशी सगळी रूपं लिहून घ्यायची आणि प्रत्येकाला सापडलं–नाही सापडलं अशी खूण करायला लावायची. कंटाळवाणं वाटतं, पण एका मुलाला पाचव्या रूपावर जे पुस्तक सापडलं ते त्याचा मार्गदर्शक दोन वर्षं शोधत होता.

पुस्तक सापडलं की फक्त नाव लिहून आणू नका. बोधांक आणि दाखल अंक दोन्ही लिहा. बोधांकावरून मांडणी कळते, दाखल अंकावरून नेमकी प्रत. त्याच पुस्तकाची एक प्रत विभागाच्या ग्रंथालयात आणि दुसरी मुख्य ग्रंथालयात असू शकते, आणि तो फरक दाखल अंकाच्या नोंदीतूनच कळतो. पुस्तकांना विषयवार अंक देण्याच्या ड्युई पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ ला लागतं, त्यामुळे मराठी अभ्यासक सवयीनं आधी तिकडे जातात. तुमची पुस्तकं मराठीत असली तरी तिथे नसतील. ती ०२७ च्या आसपास, म्हणजे ग्रंथालयांच्या वर्गात, नाहीतर ९५४.७५ ला गुजरातच्या इतिहासात, आणि चरित्रं ९२० किंवा ९२३ मध्ये. जिथे मुक्तद्वार आहे, म्हणजे वाचकाला स्वतः मांडण्यांपर्यंत जाता येतं, तिथे या तीन जागी उभं राहून शेजारची पुस्तकंही हातात घ्या. जिथे नाही तिथे मागणीच्या चिठ्ठीवर हे अंक स्वच्छ लिहा. वाचता न येणारी चिठ्ठी परत येते आणि अर्धा तास जातो. चिठ्ठ्या सकाळी एकदम द्या. दुपारच्या जेवणाच्या वेळेला दिलेली चिठ्ठी तीनच्या आत वर येईल अशी अपेक्षा धरू नका.

संस्थानचे वार्षिक प्रशासन अहवाल तुम्हाला लागणारच, कारण शिक्षण आणि ग्रंथालयांची प्रकरणं त्यांत आहेत. ते मागताना सनाचा घोळ लक्षात ठेवा. अहवालाचं वर्ष दोन सनांत पसरलेलं असतं, म्हणून १९११ मधली गोष्ट कधी १९१०-११ मध्ये सापडते तर कधी १९११-१२ मध्ये. गुजराती कागदांवर विक्रम संवत असतो आणि आपण महाराष्ट्रातली माणसं शकाला सरावलेलो. शकात ७८ मिळवायचे, संवतातून ५६ किंवा ५७ वजा करायचे. शिवाय गुजराती संवत कार्तिकात बदलतो, चैत्रात नाही. संवत १९६७ म्हणजे १९१० च्या दिवाळीपासून १९११ च्या दिवाळीपर्यंतचं वर्ष. एका अभ्यासकानं या एका चुकीमुळे बोर्डन यायच्या आधीच ग्रंथालयं सुरू करून टाकली होती आणि प्रबंधातलं अख्खं प्रकरण बदलावं लागलं. कुणाचं ते सांगत नाही, पण ते प्रकरण मी स्वतः वाचलं होतं आणि माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

लिपीचंही तसंच. बडोदं गायकवाडांचं म्हणून कागद मराठीत असतील असं वाटतं. सयाजीरावांच्या काळात कारभाराची भाषा मोठ्या प्रमाणात गुजराती झाली होती. गुजराती अक्षरं आपल्याला शिरोरेघ काढून टाकल्यासारखी दिसतात, आठवडाभराच्या सरावात वाचता येतात. झ, ख, ज, ल आणि आकडे तेवढे नीट घोटून या. जळगावला गुजराती बोलणारी माणसं भरपूर, कुणाकडून तरी गुजराती वर्तमानपत्र मागून रोज अर्धा तास वाचा.

बांधणीबद्दल एक अनुभव सांगते, कारण तो तुमच्या उपयोगाचा आहे. मी नवीन असताना एका ग्रंथालयात (आमचं नव्हे) एका वर्षाचा अहवाल मला दोन दिवस सापडत नव्हता. सूचीत नोंद होती, मांडणीवर जागा रिकामी होती. तिसऱ्या दिवशी तिथल्या जुन्या परिचर भाईंनी लाल कापडी बांधणीचा एक जाड ग्रंथ आणून ठेवला. कण्यावर सोनेरी अक्षरांत भलत्याच वर्षाचं नाव होतं. आत तीन अहवाल एकत्र शिवलेले होते आणि मधला माझा. मधल्या अहवालाच्या मुखपृष्ठाचा कोपरा बाइंडरनं शिलाईत घेतला होता, त्यामुळे सन अर्धाच दिसत होता. त्या भाईंना तो ग्रंथ त्याच्या रंगावरून आणि वजनावरून माहीत होता. म्हणून सांगते, जाड बांधीव ग्रंथ मिळाला की कण्यावर विश्वास ठेवू नका, शेवटपर्यंत पानं उलटून आत किती मुखपृष्ठं आहेत ते मोजा. आणि जे पुस्तक ‘नाही’ म्हणून सांगितलं जातं त्याबद्दल मांडण्यांत काम करणाऱ्या माणसाला एकदा स्वतः विचारा. ‘भाई, जूना बाइन्डिंगवाळा रिपोर्ट क्यां हशे?’ (जुन्या बांधणीचा रिपोर्ट कुठे असेल?) एवढं गुजराती पुरतं. बडोद्यात मराठी समजणारे पुष्कळ आहेत, पण पहिलं वाक्य त्यांच्या भाषेत बोललं की माणूस उठून येतो. बाईंना ‘बेन’ म्हणा, पुरुषांना ‘भाई’.

फोटोंचं. कायद्यानं पाहिलं तर स्वतःच्या संशोधनासाठी वाजवी प्रमाणात प्रत घ्यायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुभा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो आणि सरकारी प्रकाशनाचा प्रकाशनानंतर ६० वर्षांनी, म्हणजे संस्थानच्या अहवालांवर आज कुणाचा हक्क उरलेला नाही. पण कायदा एक आणि कागद एक. त्या काळचा कागद आम्लामुळे ठिसूळ झालेला असतो. ग्रंथ झेरॉक्सच्या काचेवर पालथा दाबला की कण्याजवळ पानं तडकतात. म्हणून ग्रंथपालांनी झेरॉक्स नाकारली तर वाईट वाटून घेऊ नका, फोटोची परवानगी मागा. फोटो काढताना फ्लॅश बंद, पुस्तक पूर्ण उघडायचं नाही, दोन्ही बाजूंना आधार द्यायचा. पान उलटताना बोट जिभेला लावायचं नाही, वरच्या कोपऱ्यातून हलकेच उलटायचं. नोंदी पेन्सिलीनं, शाई टेबलावर नकोच.

आणि क्रम पाळा: आधी मुखपृष्ठ, मग बोधांक आणि दाखल अंक लिहिलेली चिठ्ठी पानावर ठेवून एक फोटो, मग मजकूर, पानाच्या आकड्यासह. एक हुशार मुलगी तीनशेवर फोटो घेऊन माझ्याकडे आली होती आणि त्यांतली निम्मी पानं कुठल्या वर्षाच्या अहवालातली हे तिला सांगता येईना. पुन्हा तिकिटं काढून यावं लागलं. रोज रात्री मुक्कामावर त्या दिवसाचे फोटो ग्रंथवार वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, म्हणजे अस्पष्ट आलेलं पान दुसऱ्या दिवशी पुन्हा काढता येतं.

दाराशी काय होतं तेही सांगते, म्हणजे बावरायला होणार नाही. बॅग बाहेर ठेवावी लागते, टोकन मिळतं. पाकीट, मोबाइल, वही, पेन्सिल, लॅपटॉप एवढं हातात. नोंदवहीत नाव, संस्था, वेळ. पत्राच्या दोन प्रती आणा, एक ते ठेवून घेतात. पत्रात ‘संशोधनासाठी सहकार्य करावे’ एवढंच मोघम नको. विषय, कुठल्या काळातली साधनं हवीत आणि कुठल्या तारखांना येणार, हे लिहून घ्या. मध्यवर्ती ग्रंथालयासाठी आणि अभिलेखागारासाठी वेगळी पत्रं आणा, कारण विद्यापीठाच्या नावाचं पत्र सरकारी कार्यालयात चालेलच असं नाही. एखादं अलीकडचं पुस्तक फक्त इथेच सापडलं आणि ते पूर्ण वाचायचं असेल तर तुमच्या ग्रंथपालांना आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवायला सांगा. ती मागणी ग्रंथालयानं ग्रंथालयाकडे करायची असते, तुम्ही खिडकीवर करून उपयोग नाही.

शेवटी तारखांचं, आणि हे तुमच्या बेताच्या आड येणारं आहे. दिवाळीत येऊ नका. गुजरातमध्ये दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी नवं वर्ष लागतं, आणि बेसतं वर्ष (नव्या वर्षाचा पहिला दिवस) ते लाभपंचमी (कार्तिक शुद्ध पंचमी) या दिवसांत शहर मंदावतं. विद्यापीठालाही तेव्हा सुट्टी असते. ग्रंथालय उघडं असलं तरी कमी वेळ आणि कमी माणसं, आणि तुम्हाला ज्यांची गरज आहे ते जुने जाणते नेमके रजेवर. उत्तरायणाचे, म्हणजे आपल्या संक्रांतीचे, १४ आणि १५ जानेवारीही टाळा. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षांमुळे वाचनकक्षात जागा मिळत नाही. मी तुमच्या जागी असते तर लाभपंचमीनंतरचा दुसरा आठवडा धरला असता, सोमवारऐवजी मंगळवारी सकाळी पोहोचेन असा. रविवार सुट्टीत जातो आणि सोमवारी सगळीकडे साठलेलं काम असतं. तापी लाईननं नंदुरबार-सुरतमार्गे आलात तर गाडीत दत्तांचं पुस्तक पुन्हा एकदा चाळून होतं.

तुमची पुस्तकांची आणि अहवालांची यादी तयार झाली की सनांसह इथे टाका. कुठली गोष्ट आधी कुठल्या इमारतीत विचारायची, ते मी प्रत्येकासमोर लिहून देते.